सायकलची शर्यत आणि सायकलची संघटना

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपली, की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. कुठे दंडार, कुठे नाटक, कुठे शंकरपट. पट म्हटला की चार कोसांवरून माणसं गोळा होतात. बैलांची जोडी सुटते, धूळ उडते, आणि पाहता पाहता पट संपतो. मग पहिला प्रश्न कोणता? "किती वेळात आली?" घड्याळवाला आकडा सांगतो. लोक तो मान्य करतात.

का मान्य करतात बरं? कारण सगळ्या जोड्यांना घड्याळ एकच असतं. जोडी मालगुजाराची असो की लहान शेतकऱ्याची, घड्याळ कोणाचं तोंड पाहत नाही. हा विश्वास आहे म्हणून पट आहे. विश्वास गेला तर राहील ती नुसती धूळ आणि भांडण.

आज आपण अशाच एका शर्यतीची माहिती घेऊ. तिला बैल लागत नाहीत. दोन चाकं, दोन पाय आणि छातीत दम असला म्हणजे झालं. ही सायकलची शर्यत. आणि शर्यतीबरोबर आपण सायकलच्या संघटनेचीही माहिती घेऊ. कारण शर्यत पाहणारे पुष्कळ असतात, पण तिच्यामागे वही-घड्याळ घेऊन बसणारी माणसं कोणाला दिसत नाहीत.

भांडण कुठून सुरू होतं?

समजा, गोंदियातल्या दहा पोरांनी ठरवलं, की रविवारी सकाळी आमगावपर्यंत शर्यत लावायची. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. सहा वाजता निघायचं ठरलं. दोघे आधीच चार पावलं पुढे उभे राहिले. एकाची घडी दोन मिनिटं पुढे, दुसऱ्याची मागे. वाटेत एकाने ट्रॅक्टरची फळी धरली आणि पेडल न मारता दोन किलोमीटर गेला. एक जण वयाने तेवीस वर्षांचा, दुसरा चौदाचा. आमगावला पोचल्यावर कोणी म्हणतो शर्यत स्टेशनापाशी संपली, कोणी म्हणतो चौकात.

आता पहिला कोण आला? दहा पोरं, दहा उत्तरं. पुढच्या रविवारी दहाची पाच होतात, आणि महिन्याभरात शर्यत बंद पडते. पोरं वाईट नव्हती. त्यांच्या हौसेतही खोट नव्हती. कमी होतं ते एवढंच, की सगळ्यांनी आधी मान्य केलेला नियम नव्हता, आणि तो पाळला की नाही हे पाहणारा माणूस नव्हता.

ही उणीव भरून काढायला संघटना लागते. संघटना म्हणजे नुसती पाटी आणि खुर्च्या नव्हेत. संघटना म्हणजे आधी ठरवलेला नियम, तो लिहून ठेवलेली वही, आणि त्या वहीप्रमाणे वागणारी माणसं.

हौशी म्हणजे कोण?

अशा संघटनांच्या नावात बहुधा 'हौशी' हा शब्द असे. त्याचा अर्थ समजून घेऊ. जो पोटासाठी नव्हे, तर आवडीसाठी खेळतो तो हौशी. जो खेळावरच पोट भरतो तो व्यावसायिक.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना एक खेळ आठवत असेल. बाजाराच्या मैदानात एक माणूस सायकलवर बसायचा आणि दिवसरात्र गोल गोल फिरायचा. सायकलवरच जेवण, सायकलवरच अंघोळ. भोंग्यावर गाणी लागायची. लोक कौतुकाने चार-आठ आणे द्यायचे. तो माणूस मेहनती होता, कसबी होता, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण ती शर्यत नव्हती. तिथे सोबत पळणारा नव्हता, अंतर मोजलेलं नव्हतं. तो त्याचा पोटाचा धंदा होता.

'हौशी' हा शब्द वरून साधा दिसतो. पण एके काळी याच शब्दाची भिंत केली गेली होती. इंग्लंडात होड्या वल्हवण्याच्या शर्यती फार नावाजलेल्या. तिथे १८७९ साली असा नियम झाला, की जो कारागीर आहे, यंत्रावर काम करतो किंवा मजुरी करतो, तो हौशी धरला जाणार नाही. म्हणजे काय झालं? ज्याचे हात कामाने घट्ट झाले, ज्याचे दंड खरे बळकट, त्यालाच शर्यतीबाहेर ठेवलं. हौस जणू फक्त रिकामा वेळ असलेल्या श्रीमंतांनाच असते!

पुढे असे नियम मोडीत निघाले. आज बिडी वळणाऱ्या बाईची मुलगी आणि राइस मिलच्या मालकाचा मुलगा एकाच रेषेवर उभे राहू शकतात. आपल्यात म्हण आहे, हौसेला मोल नाही. आम्ही तिला इतकंच जोडू, की हौसेला जातही नाही.

जगात संघटना कशी वाढली?

पॅरिस शहराजवळ सेंट क्लाऊड नावाची बाग आहे. ३१ मे १८६८ रोजी तिथे सायकलच्या शर्यती झाल्या. त्यांतली एक जेम्स मूर नावाच्या इंग्रज तरुणाने जिंकली. त्या वेळच्या सायकलीला रबरी टायरही नव्हता. लाकडी चाक आणि त्यावर लोखंडी धाव, आपल्या बैलबंडीसारखी. पेडल पुढच्या चाकालाच असे, साखळी नसे.

१८८५ साली इंग्लंडात जॉन स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपण चालवतो ती सायकल याच घडणीची. १८८८ साली डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने हवेचा टायर तयार केला. पुढच्याच वर्षी आयर्लंडच्या बेलफास्ट शहरात विली ह्यूम हा हवेचे टायर लावून शर्यतीत उतरला. तसा तो काही फार नावाजलेला नव्हता. पण त्याने भल्याभल्यांना मागे टाकलं. मग काय! सगळीकडे हवेचे टायर आले.

सायकल सुधारली, वेग वाढला, शर्यती वाढल्या. त्याबरोबर भांडणंही वाढली. इंग्लंडचा विजेता म्हणे मी पहिला, फ्रान्सचा म्हणे मी. म्हणून १८९२ साली काही देशांच्या संघटनांनी मिळून एक मंडळ काढलं. त्या मंडळाने १८९३ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात हौशी सायकलपटूंची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. पुढे त्या मंडळातही मतांवरून वाद झाला. कोणत्या देशाला किती मतं, हा तंटा. शेवटी १४ एप्रिल १९०० रोजी पॅरिसमध्ये नवं मंडळ स्थापन झालं. त्याचं नाव आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघ. त्याला 'यूसीआय' या आद्याक्षरांनी ओळखतात. आजही जगातल्या सायकल-शर्यतीचे नियम तोच संघ करतो.

१९६५ साली त्या संघाखाली दोन शाखा झाल्या. एक हौशी खेळाडूंची, एक व्यावसायिकांची. पुढे १९९० नंतर त्या पुन्हा एक झाल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून व्यावसायिक सायकलपटूंनाही ऑलिंपिकचं दार उघडलं. आता वरच्या पातळीवर हौशी आणि व्यावसायिक ही भिंत उरली नाही. पण तालुक्यात, जिल्ह्यात शर्यत चालते ती अजूनही हौसेवरच.

बायकांची वाट मात्र लांबली. रस्त्यावरच्या शर्यतीची बायकांची जागतिक स्पर्धा १९५८ साली सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये त्यांना सायकल चालवायला मिळाली ती १९८४ साली. पुरुषांची शर्यत तर १८९६ च्या पहिल्याच ऑलिंपिकपासून होती. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली. संघटना असली म्हणजे न्याय आपोआप होतो असं नाही. तो मागावा लागतो, हेही यातून शिकावं.

आपल्या देशात

आपल्याकडे सायकलची हौस आधी मुंबईत फोफावली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या एका व्यायाम-क्लबातले सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. वाळवंटं, बर्फाचे डोंगर आणि अनोळखी देश त्यांनी पार केले. काही जण वाटेत थांबले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईला परत आले. ७१ हजार किलोमीटरच्या आसपास त्यांचा प्रवास झाला होता. ही शर्यत नव्हती. पण आपला माणूस सायकलवर काय करू शकतो हे लोकांना दिसलं.

शर्यतीचं म्हणाल, तर १९३८ साली ऑस्ट्रेलियात सिडनी शहरी ब्रिटिश साम्राज्याचे सामने भरले. तिथे जानकीदास नावाचे सायकलपटू भारतातर्फे उतरले. तिथे गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की दुसऱ्या देशांच्या मागे त्यांची संघटना उभी आहे. आपल्या देशाची तशी संघटनाच नाही. खेळाडू आहे, पण त्याच्या मागे वही नाही.

जानकीदासांनी मुंबईच्या सोहराब भूत यांच्याशी बोलणं केलं. दोघांनी खटपट करून १९४६ साली सायकलपटूंची राष्ट्रीय संघटना उभी केली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरी झालेल्या जागतिक स्पर्धेत भारताचा संघ उतरला. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता, पण सायकलवाल्यांनी भारताचं नाव नेलं होतं. दोन वर्षांनी, १९४८ साली, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपले सायकलपटू होते. त्यांत मुंबईच्या पारशी मंडळींचा भरणा मोठा होता. हेच जानकीदास पुढे हिंदी चित्रपटांत नट म्हणून लोकांना माहीत झाले.

ती राष्ट्रीय संघटना आज भारतीय सायकलिंग महासंघ या नावाने चालते. तिच्याखाली प्रत्येक राज्याची संघटना. आपल्या राज्याची म्हणजे सायकलिंग असोसिएशन ऑफ महाराष्ट्र. राज्याखाली जिल्हा. रेल्वे आणि सैन्यदल यांचे संघ वेगळे असतात. धानाच्या बांधीला पाणी कसं येतं? तलावातून पाटात, पाटातून बांधीत. तसंच हे. वरचा पाट कितीही मोठा असला, तरी शेवटची बांधी फुटकी असेल तर पीक येत नाही. खेळात ही शेवटची बांधी म्हणजे जिल्हा.

महाराष्ट्रात सगळ्यांत नावाजलेली शर्यत मुंबई-पुणे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत बोरघाट. सपाटीवर जोरात असणारा भलाभला गडी घाटात ढेपाळतो. म्हणून घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला वेगळा मान असतो. त्याला म्हणतात 'घाटाचा राजा'. शर्यत शेवटी कोणीही जिंको, घाटाचा राजा तो राजाच. पुणे, सांगली, कोल्हापूर, नाशिक या भागांतून या शर्यतीच्या नादाने किती तरी पोरं सायकलकडे वळली.

विदर्भ आणि आपला जिल्हा

आता आपल्या घरचं पाहू. आपला भाग आधी मध्यप्रांतात होता. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर. मग आपण मुंबई राज्यात गेलो, आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे आपले आठ तालुके.

राज्य बदललं, जिल्हा बदलला, तशी खेळाची दारंही बदलली. जिल्हा वेगळा झाला की जिल्ह्याचा संघ वेगळा होतो. आधी भंडारा जिल्ह्याच्या एका संघात देवरीच्या पोराला जागा मिळणं अवघड. आता गोंदियाचा स्वतःचा संघ राज्यस्पर्धेला जाऊ शकतो. म्हणजे दार उघडं आहे. त्यातून आत कोण जातं, हे आपल्यावर आहे.

सायकल आपल्याला परकी नाही. एके काळी सायकलीला नगरपालिकेचा कर असे, आणि कर भरल्याचा पत्र्याचा बिल्ला मिळे. रात्री दिवा नसला की शिपाई अडवी. डबलसीट बसलं की दंड. तासाच्या भाड्याने सायकल घेऊन किती जण पडत-झडत शिकले! राइस मिलचा हमाल, पोस्टमन, दूधवाला, शाळामास्तर, सगळे सायकलवर. अलीकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. गावाकडच्या मुली त्या सायकलींवर रोज शाळेला जातात. त्यांनी पाच वर्षं रोज आठ-दहा किलोमीटर सायकल मारली, म्हणजे पायांची केवढी तयारी झाली, याचा विचार करा. पण ती तयारी कोणी मोजत नाही. बारावी झाली की सायकल पडवीत, आणि दम चुलीपुढे.

आपल्याच विदर्भातलं एक उदाहरण पाहा. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने पुरी केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, आणि मुदत बारा दिवसांची. डोळ्यावर झोप, अंगावर ऊन, तरी पेडल थांबलं नाही. २०१८ साली त्यांनी रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत नऊ हजार किलोमीटरांहून लांब शर्यत पुरी केली. त्याआधी २०१५ साली नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेची तीच शर्यत जोडीने पुरी केली होती. हे तिघेही पोटासाठी डॉक्टर आणि हौसेसाठी सायकलवाले. हौशी शब्दाचा अर्थ यांच्याकडे पाहून कळतो.

"ती शहरातली शिकलेली माणसं, आमचं काय?" असं कोणी म्हणेल. तर मग अंदमान-निकोबार बेटांकडे पाहा. तिथला एसो अल्बेन हा मुलगा २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये कुमारांच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. सायकलच्या जागतिक स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक. समुद्रातल्या बेटावरचा पोरगा जगात दुसरा येतो, मग सालेकशाचा का येऊ नये? बेटावरच्या पोराला कोणी तरी वेळीच हेरलं, वहीत नाव लिहिलं आणि पुढे पाठवलं. फरक एवढाच.

शर्यत चालते कशी?

रस्त्यावरची शर्यत मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात सगळे एकदम सुटतात, आणि ज्याच्या सायकलचं पुढचं चाक आधी शेवटच्या रेषेला लागलं तो पहिला. दुसऱ्या प्रकारात एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, आणि प्रत्येकाचा वेळ मोजतात. पहिल्या प्रकारात डोकं जास्त लागतं, दुसऱ्यात दम. याशिवाय बांधीव गोल धावपट्टीवरच्या शर्यती असतात, त्या वेगळ्या.

डोकं कसं लागतं ते सांगतो. सायकल जोरात गेली की वारा आडवा येतो. ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटर वेगाला बहुतेक जोर वाऱ्याशी झुंजण्यातच जातो. पण जो दुसऱ्याच्या अगदी मागे राहतो, त्याला वारा कमी लागतो. त्याचा पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त जोर वाचतो. हिवाळ्यात नवेगावबांधच्या तलावावर लांबून पक्षी येतात. ते बाणाच्या आकारात उडतात, आणि पुढचा थकला की मागचा पुढे येतो. सायकलवालेही तसंच करतात. पाळीपाळीने पुढे राहतात. जो नेहमी मागेच लपतो, त्याला सोबती ओळखून असतात.

नियमही समजून घ्या. मोटारीला किंवा ट्रॅक्टरला धरायचं नाही. दुसऱ्याला ढकलायचं नाही. शेवटच्या झपाट्यात आपली वाट सोडून दुसऱ्याच्या आडवं यायचं नाही. डोक्यावर हेल्मेट हवंच. २००३ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा नामांकित सायकलपटू पडला आणि डोक्याला मार लागून गेला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यानंतर त्याच वर्षी जागतिक संघाने हेल्मेट सक्तीचं केलं. एका माणसाच्या मरणाने झालेला हा नियम आहे. तो हसण्यावारी नेऊ नये.

वयाचे गट असतात. वय जन्माच्या सालावरून धरतात. सतरा-अठरा वर्षांचे ते कुमार, त्यावरचे मोठे. आपल्याकडे त्याखालीही लहान मुलांचे गट असतात. म्हणून जन्माचा दाखला जपून ठेवा. दाखल्यात साल चुकलेलं असलं तर लहानपणीच दुरुस्त करून घ्या. शर्यतीच्या आदल्या दिवशी ती दुरुस्ती होत नाही.

जिल्ह्याची संघटना कशी चालावी?

संघटना नोंदवायला सात माणसं पुरतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे अर्ज करायचा. धर्मादाय कार्यालयात नोंद होते. संस्थेची घटना लिहायची, म्हणजे कामाचे नियम. सभासद कोण, वर्गणी किती, निवडणूक किती वर्षांनी, हे सगळं त्यात यावं. मग राज्य संघटनेची मान्यता घ्यायची. ती मान्यता नसेल तर तुमच्या शर्यतीतला पहिला नंबर पुढे कोणी धरत नाही. नोंदणी करण्याआधी जिल्ह्यात मान्यता असलेली संघटना आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारावं. असेल तर तिच्यातच सभासद व्हावं. एका जिल्ह्यात दोन संघटना झाल्या की पुढारी दोन होतात, आणि खेळाडू मधल्या मध्ये भरडला जातो.

संघटनेकडे चार वह्या असाव्यात. एक सभासदांची. एक सभेच्या कामकाजाची. एक जमाखर्चाची. आणि चौथी शर्यतीची. या चौथ्या वहीत तारीख, रस्ता, मोजलेलं अंतर, धावणाऱ्यांची नावं, प्रत्येकाचा वेळ आणि पंचांच्या सह्या. पैसे बँकेत ठेवावेत, आणि एका सहीने निघू नयेत. वर्षाला एकदा सगळा हिशेब सभेत वाचून दाखवावा. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ऐकता येईल असा, मोठ्याने.

शर्यतीआधी पोलिसांची परवानगी घ्यावी. रुग्णवाहिका किंवा निदान डॉक्टर आणि गाडी हाताशी असावी. देवरी, सडक अर्जुनीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मोठ्या गाड्यांची रीघ असते, तिथे शर्यत नको. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलातून नको, तो वाघाचा मुलूख. धानाच्या गाड्या ज्या रस्त्याने मिलला जातात, तो रस्ताही हंगामात टाळावा. हिवाळ्यातली सकाळ आणि मोकळा रस्ता, हे सगळ्यांत चांगलं. महागडी सायकल नसेल तर साध्या सायकलींची वेगळी शर्यत ठेवावी. सगळ्यांकडे सारखीच सायकल असली, म्हणजे कोणाचे पाय चांगले ते लगेच कळतं.

कागदाचं मोल

आता मुद्द्याचं बोलू. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी शंभरात पाच जागा राखीव आहेत. २००५ पासून ही सोय आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते मान्य संघटनेच्या मान्य स्पर्धेचंच लागतं. त्याची तपासणी होते. राज्यात खोटी प्रमाणपत्रं पकडली गेली, नोकऱ्या गेल्या, गुन्हे दाखल झाले. खोट्या कागदाने एकाचं भलं होत नाही, आणि खऱ्या खेळाडूवर मात्र संशय येतो.

म्हणून ती चौथी वही नीट ठेवणारा माणूस म्हणजे नुसता कारकून नव्हे. त्याच्या एका ओळीवर कोणाची तरी भाकरी ठरते. त्याने मामाच्या पोराचं नाव वर घातलं, तर गोंडटोल्यातल्या एखाद्या मुलीचं नाव खाली जातं. तिला ते कधी कळणारही नाही. ती म्हणेल, आपल्यातच कमी होतं. हा अन्याय फार वाईट, कारण तो आवाज न करता होतो.

मुलींविषयी आणखी एक गोष्ट. २०२२ साली भारताचा सायकल-संघ परदेशात सरावाला गेला असता एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार केली. तिला परत आणलं गेलं, संघ माघारी बोलावला, आणि प्रशिक्षकाचं काम काढून घेतलं. तिने तोंड उघडलं म्हणून हे झालं. जिल्ह्याच्या संघटनेतही मुलींबरोबर जाणारी बाई असावी, कार्यकारिणीत बायका असाव्यात, आणि तक्रार कोणाकडे करायची हे प्रत्येक मुलीला आधीच सांगितलेलं असावं. तेवढी खात्री असेल तरच आई-बाप पोरीला पाठवतील.

तुम्ही काय कराल?

तुम्ही आता वाचायला शिकलात. मग तुमच्या गावच्या शर्यतीत एक काम तुमचं. नियमाचा कागद भिंतीला लावलेला असेल तर तो वाचा आणि शेजाऱ्याला वाचून दाखवा. लावलेला नसेल तर मागा. पोराचं नाव वहीत बरोबर लिहिलंय का, वेळ बरोबर मांडलाय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हिशेब वाचायच्या सभेला जा. कोणी म्हणेल, "तुम्हाला काय कळतं?" तर सांगा, "आकडा कळतो, अक्षर कळतं, आणि एवढं पुरे आहे."

जानकीदास सिडनीला गेले तेव्हा त्यांच्याजवळ सायकल होती, पण मागे संघटना नव्हती. ती उभी करायला आठ वर्षं लागली. आपल्याला तेवढा वेळ लागायचं कारण नाही. राज्याची संघटना आहे, देशाची आहे, जगाची आहे. जिल्ह्याची बांधी तेवढी धड ठेवायची आहे. गाव करी ते राव न करी, असं आपण उगाच म्हणत नाही.

येत्या हिवाळ्यात सकाळी तुमच्या गावच्या रस्त्यावर पोरं-पोरी सायकली घेऊन उभी राहतील. एक माणूस चुन्याची रेषा मारील. एक घड्याळ धरील. आणि एक वही उघडून बसेल. त्या वहीकडे लक्ष ठेवा.